रंग गेलेले पाणी

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या बोळात पाणी एक दिवसाआड यायचे आणि पहिले पाणी रंगीत असायचे. बहुतेक वेळा मजंटा, कधी हिरवे, कधी नाव देता येणार नाही असे काळपट. याबद्दल कोणी फारशी तक्रार करत नसे. बोळात मागावर काम करणारी, घरी तेलुगू बोलणारी घरे जास्त होती. त्यांच्या दारात सुताच्या लडी वाळत असायच्या आणि नखांच्या कडांना रंग असायचा. रंगाची त्यांना भीती नव्हती.

रंगीत पाणी कधी संपते हे ओळखण्याची त्यांची एक रीत होती. नळाच्या तोंडाला धुतलेल्या पांढऱ्या सुताचा एक धागा बांधायचा. पाणी सुरू झाले की धागा रंग धरायचा. मग तो सोडून दुसरा बांधायचा. तोही रंगला तर तिसरा. जो धागा पांढरा राहील त्याच्यापुढचे पाणी प्यायला. आधीचे पाणी अंगण धुवायला, भांडी विसळायला, नाहीतर सरळ गटारात. सकाळी बोळात पहिला प्रश्न तोच असायचा, "धागा पांढरा आला का ग?" आणि उत्तर बाई धागा उजेडात धरून, नीट बघून द्यायची. सुतावर चढलेली पुसटशी छटासुद्धा या बायकांना दिसत असे. बोळाचा त्यांच्या नजरेवर विश्वास होता, आणि ती नजर चुकत नव्हती.

मी त्या वेळी शहरातल्या एका दैनिकात बातमीदार होतो आणि बोळाच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानाच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. दुष्काळाची वर्षे नुकतीच मागे पडली होती. शहरातले जमिनीखालचे जुने बिडाचे नळ काढून नवे टाकण्याचे काम पेठेपेठेने चालले होते. आमच्या बोळातला नळ कधी टाकला हे सांगणारे कोणी उरलेले नव्हते.

रंग यायचा तो बोळाच्या वरच्या टोकाला राहणाऱ्या रंगाऱ्याच्या घरातून. हा पन्नाशीचा, बुटका, कमी बोलणारा माणूस. सगळे त्याला अण्णा म्हणत. अंगणात त्याच्या दोन मोठ्या कढया होत्या. त्यात तो मागवाल्यांचे सूत रंगवून देई. काम झाले की कढईतले पाणी दारापुढच्या गटारात जाई, आणि तिथून उतरत बोळाच्या वळणाकडे. त्यातले थोडे नळात कुठे शिरते, हे कोणी शोधले नव्हते. नळ जुना आहे, गळतो, इतके सर्वांना ठाऊक होते.

दुकानाचे मालक लिंगायत. घरात कन्नड, दुकानात मराठी, आणि उधारी मागताना तेलुगू. बोळ त्यांना मालक म्हणे. त्यांची एकुलती मुलगी अक्कलकोटच्या बाजूला एका खेड्यात दिलेली होती. ती पहिल्या बाळंतपणाला येणार असे ठरले, त्या महिन्यात मालकांनी दुकानाच्या मागची खोली चुन्याने पांढरी करून घेतली, नवी बाज विणून घेतली, आणि एका संध्याकाळी अण्णाला दुकानाच्या पायरीवर बोलावले. पायरीवर नेहमीची चार-सहा माणसे होती. मी वरून उतरत होतो, तो तिथेच थांबलो.

"अण्णा, गड्ड्याची जत्रा झाली की पोरगी येती. पहिलंच हाय. तिला मी हे असलं पाणी पाजू का?"

"पहिलं सोडून द्या की मालक. सगळे सोडतात."

"सगळ्यांचं राहू दे. तुझ्या रंगात काय काय असतं ते तरी तुला ठाऊक हाय का?"

"माझ्या पोरांनी तेच पाणी पिलंय. मोठी झाली की."

"झाली की. एकेकाची जीभ बघ जरा. कायम पान खाल्ल्यागत दिसती."

लोक हसले. अण्णाही हसला. समोरच्या घरातली म्हातारी माग चालवणारी बाई, जिला सगळे अक्का म्हणत, तिने ओट्यावरूनच टोला हाणला.

"मालक, तुमची पोरगी ह्याच पाण्यावर वाढली नव्हं? तवा कसं काय चाललं?"

"ती वाढली, अक्का. तिच्या पोटातलं अजून वाढायचंय."

अण्णा म्हणाला, "नळ फुटलाय कुटंतरी. नळ धड असता तर माझा रंग आत जातोय कशाला? पाणीखात्याला सांगा, नळ बदला म्हणून."

"सांगून आलोय. पलीकडच्या गल्लीत काम आलंय. आपला नंबर उन्हाळ्यात. बाळंतपण काय नंबर लावून येतंय का?"

बराच वेळ हे असेच चालले. दोघांपैकी कोणी आवाज चढवला नाही. शेवटी मालकांच्या पत्नी आतून दाराशी आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "साकु री." पुरे आता, एवढाच त्याचा अर्थ. मग अण्णाकडे वळून मराठीत म्हणाल्या, "अण्णा, पोरीसाठी म्हणून बघा. बाळंत होऊन जाईपर्यंत."

अण्णाने मान हलवली. गड्ड्याच्या जत्रेच्या आधीच त्याने कढया हलवल्या. गावाबाहेर अक्कलकोट रस्त्याला त्याच्या मेहुण्याची जागा होती, तिथे त्याने भट्टी मांडली. रोज सकाळी सुताचे गठ्ठे सायकलला बांधून तो निघे आणि दिवे लागताना परत येई. बोळातल्या काही मागवाल्यांनी लांब पडते म्हणून दुसरा रंगारी धरला. अण्णाने त्याबद्दल कोणाला दोष दिला नाही. मालकांच्या दुकानात येणे मात्र त्याने कमी केले. तंबाखूसुद्धा तो पुढच्या चौकातून घेऊ लागला.

पाणी मात्र बदलले. दुसऱ्याच आठवड्यात पहिला धागा पांढरा राहिला. बायकांनी तो उजेडात धरला, एकमेकींना दाखवला. "बघ की, लुगड्याच्या काठाला लावावा असला पांढरा." पुढच्या पाण्यालाही तसेच. मालकांनी त्या दिवशी दुकानात येणाऱ्या पोरांच्या हातावर गूळ-खोबरे ठेवले. मग हळूहळू धागे बांधणे बंद झाले. पांढरा येणार हे माहीत असताना सूत कशाला वाया घालवायचे? आणि धागा नाही म्हटल्यावर पहिले पाणी सोडून देण्याचेही कारण उरले नाही. एक दिवसाआड येणारे पाणी, तेही घटकाभर; त्यातले तीन-चार हंडे गटारात जात ते आता घरात येऊ लागले. बोळाला हा मोठा फायदा वाटला, आणि तसा तो होताही. पाणीखात्याची चावी सुटल्याबरोबर जो पहिला हंडा भरे तोच पिण्याचा. नळाला पाणी जोरात असताना भरलेले चांगले, असा एक समज त्याला जोडला गेला.

मुलगी आली. मालक स्वतः जाऊन एस.टी.ने घेऊन आले. सातवा नुकताच लागला होता. उंच, सावळी, मोकळी हसणारी. दुपारी दुकानाच्या मागच्या दारात बसून ती ज्वारी निवडायची आणि बोळातल्या जुन्या मैत्रिणींशी तेलुगूत बोलायची. त्यांच्या भाषेत बोलताना ती एखादा कन्नड शब्द घुसडायची आणि त्या तिची नक्कल करायच्या. पाणी येण्याच्या दिवशी मालक दुकान उघडण्याआधी नळावर उभे राहत. पहिला हंडा ते स्वतः भरत, स्वतः गाळत, आणि तिच्या खोलीतल्या माठात ओतत. तो माठ वेगळा होता. त्यातले पाणी घरात दुसरे कोणी पीत नसे.

होळीच्या आसपास बोळात कावीळ सुरू झाली. आधी अक्काचा नातू, मग पलीकडच्या घरातले दोघे, मग अण्णाचा धाकटा मुलगा. कावीळ बोळाला नवी नव्हती. दर वर्षी एखाद-दुसऱ्याला व्हायची आणि उतरायची. लोक नेहमीच्या ठिकाणी गेले. दक्षिण कसब्यात एक जण चुन्याच्या निवळीत हात धुवून द्यायचा. पाणी पिवळे झाले की कावीळ उतरली असे सांगायचा. या वेळी मात्र घरे वाढत गेली. तरी पाण्याचा विचार कोणाच्या मनात आला नाही. पाणी तर पूर्वीपेक्षा चांगले होते. डोळ्यांनी दिसत होते.

मुलीच्या डोळ्यांत पिवळेपणा पहिल्यांदा तिच्या आईने पाहिला. तिसऱ्या दिवशी तिला सिव्हिल हॉस्पिटलात नेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासले आणि मालकांना विचारले, "तुमच्याकडे आणखी कोणाला आहे का?" मालकांनी घरे सांगितली. बाई म्हणाल्या, "पाणी कुठलं पिता?"

"नळाचंच. पण आमचं पाणी आता स्वच्छ झालंय, बाई. आधी घाण यायचं."

"आधी इतक्या जणांना होत होती?"

मालक म्हणाले, "नाही."

हे संभाषण त्यांनी मला त्याच संध्याकाळी दुकानाच्या फळीशी उभे राहून सांगितले. जसेच्या तसे सांगितले, आणि शेवटच्या उत्तरानंतर थांबले. गिऱ्हाईक आले होते. त्याला त्यांनी साखर तोलून दिली.

पाणीखात्याचा ओव्हरसियर दुसऱ्या दिवशी आला. पलीकडच्या गल्लीत त्याची माणसे नळ टाकतच होती. त्याने आमच्या बोळाचा नंबर पुढे ओढला. तरुण माणूस, अंगात खाकी शर्ट, पायांत धुळीने पांढरे झालेले बूट. गळती कुठे असेल असे त्याने विचारले, तेव्हा सर्वांनी एकच जागा दाखवली. अण्णाचे दार. रंग तिथून यायचा, म्हणजे नळ तिथेच फुटलेला. मजुरांनी पहारीने फरशा उचकटल्या आणि दिवसभर खणले. नळ गंजलेला होता, पण सांधे घट्ट होते. सांध्यांत ओतलेले शिसे जागेवर होते. खड्डा कोरडा निघाला. अण्णाची बायको खड्ड्याच्या कडेला उभी राहून तेलुगूत काहीतरी म्हणाली. तिथे जमलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी मान खाली घातली. मला तेलुगू येत नाही. मी नंतर अर्थ विचारला नाही.

ओव्हरसियर खड्ड्याच्या कडेवर बसला आणि गटाराच्या उताराकडे बघत राहिला. मग त्याने विचारले, "रंग मिळेल का थोडा? गडद पाहिजे."

अण्णा सायकलवर जाऊन डबा घेऊन आला. बादलीत मजंटा कालवला. ओव्हरसियर म्हणाला, "आता हा गटारात सोडा. तुमच्या दारापासून नाही. वळणाच्या थोडा अलीकडे."

अण्णाने बादली खाली ठेवली. "मी नाय ओतणार, साहेब. ह्याच हातानं ओततो म्हणून तर मला बाहेर काढलं. कोणीतरी दुसऱ्यानं ओता."

बोळात गर्दी होती आणि कोणी पुढे येईना. मालक हॉस्पिटलातून नुकतेच आले होते, हातात रिकामा डबा होता. त्यांनी डबा पायरीवर ठेवला, बादली उचलली, वळणाअलीकडे गेले आणि रंग गटारात ओतला. रंग संथपणे उतरत गेला. वळणाशी गटारातले पाणी साचून राहत असे. तिथे तो पसरला आणि तसाच राहिला.

सकाळी चावी सुटली तेव्हा ओव्हरसियर मालकांच्या नळाशी उभा होता. बोळ दारात होता. पहिले पाणी आले ते लालभडक. हंड्यात पडताना त्याचे शिंतोडे फरशीवर उडाले. चौथ्या हंड्याला ते फिके झाले, मग स्वच्छ.

ओव्हरसियरने समजावून सांगितले. त्याने आवाज मोठा केला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेले. चावी बंद झाली की नळातले पाणी उतरते, नळ रिकामा होतो आणि फुटक्या सांध्यातून बाहेरचे आत ओढून घेतो. बाहेर जे असेल ते. पुढच्या वेळी पाणी सुटले की ते आधी बाहेर येते. "तुम्ही पहिलं पाणी सोडून देत होता तेव्हा रंगाबरोबर बाकीचंही बरंचसं जात होतं. रंग थांबला. बाकीचं थांबलं नाही. त्याला रंग नसतो."

अक्का म्हणाली, "म्हणजे आमी पांढरं बघून गटार पिलो की."

मालक नळाशी बसलेले होते. त्यांनी तोटी बंद केली आणि हंडा पालथा केला.

त्याच दिवशी वळणाशी खणले. जुना नळ तिथे गटाराच्या अगदी खालून जात होता. सांध्यातले शिसे निसटून गेले होते, आत ठासलेला ताग कुजून काळा पडला होता आणि फटीत बोट जात होते. नळाचा तो तुकडा कापून वर काढला तेव्हा आत गंजाचे इतके थर होते की पाणी जायला मुठीएवढीही जागा नव्हती. मजुरांनी तो बोळाच्या भिंतीला टेकवून ठेवला. बायका येऊन बघून जात होत्या. वाकून आत बघत आणि परत जात.

मुलीला हॉस्पिटलातच आठव्या महिन्यात कळा आल्या. मूल मेलेले जन्मले. ती स्वतः वाचेल की नाही हे पुढचे कित्येक दिवस डॉक्टरीणबाई सांगत नव्हत्या. मालक तिच्या वॉर्डाबाहेरच्या लिंबाखाली बसून असत. दुकान बंद होते. अण्णा एकदा तिथे जाऊन त्यांच्याशेजारी बसून आला, असे मला त्याच्या धाकट्या मुलाने सांगितले. दोघे काय बोलले हे त्यालाही माहीत नव्हते. त्याची कावीळ तोवर उतरली होती.

मुलगी वाचली. उन्हाळा संपता संपता सासरची माणसे बैलगाडी आणि मग एस.टी. करून आली आणि तिला घेऊन गेली. जाताना तिच्या सासूने मालकांच्या घरात पाणी घेतले नाही. भांडे तसेच पाटावर राहिले.

नवा नळ वळणाशी गटारापासून बाजूला घेऊन, खोल टाकला. शिसे वितळवून सांध्यात ओतताना बोळभर त्याचा वास पसरला होता. काम संपल्यावर मालक अण्णाच्या घरी गेले. कढया परत आणा म्हणाले. बोळाला मी सांगतो, कोणी काही बोलणार नाही. अण्णाने चहा दिला आणि म्हणाला, "तिकडं आता ओटा बांधलाय, मालक. सिमेंटचा. मोडू कशाला?" त्यात राग नव्हता. पुढे तो तंबाखूला पुन्हा दुकानात येऊ लागला, पण रंगाचे काम त्याने बाहेरच ठेवले.

पुढच्या वर्षी मुलीला पुन्हा दिवस गेले. मालकांनी दोनदा निरोप धाडला. सासरकडून एकच उत्तर आले : या वेळी बाळंतपण इकडेच करू. पत्नी रडल्या. मालक म्हणाले, त्यांचं चुकत नाही. पण नंतर काही दिवस ते दुकानात हिशेब चुकत होते, आणि गिऱ्हाइके त्यांना दुरुस्त करत होती.

श्रावणानंतर एक दिवस विहीणबाई स्वतः आल्या. सोलापुरात काही खरेदी होती असे म्हणाल्या. खरेदीची पिशवी रिकामीच होती. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांना बसवले. मी भाडे द्यायला खाली गेलो होतो. मालकांनी मला जाऊ दिले नाही, बसा म्हणाले. बोलणे कन्नडमध्ये होते. इतक्या वर्षांत ते मला समजू लागले होते.

विहीणबाईंनी घर बघितले, भिंती बघितल्या. मग विचारले, "नवा नळ बसवला म्हणे."

"बसवला."

"मग आता पाणी चांगलं आहे ना?"

मालकांच्या पत्नी दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितले. या एका प्रश्नासाठी ही बाई एवढ्या लांबून आली होती आणि 'हो' म्हणण्याचा अवकाश होता. पाणी खरेच चांगले होते. बोळात वर्षभरात कावीळ नव्हती.

मालक म्हणाले, "दिसतं स्वच्छ. त्या वेळीही स्वच्छच दिसत होतं. मी स्वतः बघून भरत होतो. बघून मला काही सांगता येत नाही, विहीणबाई."

विहीणबाई म्हणाल्या, "मग तुम्ही काय करता?"

"पहिले हंडे सोडतो. राहिलेलं उकळतो."

"कोण उकळतं?"

"मी."

"आणि बायका काय करतात या घरात?"

"मला चुलीला हात लावू देत नाहीत," मालकांच्या पत्नी म्हणाल्या. "आधण आलं की नाही हे मला कळत नाही म्हणतात. इतकी वर्षं स्वयंपाक कोणी केला कोण जाणे."

विहीणबाईंच्या तोंडावर हसू आले आणि गेले. पाटावर पाण्याचे भांडे ठेवलेले होते. त्यांनी ते उचलले, थोडे पाणी प्याल्या, थांबल्या आणि उरलेले संपवले. भांडे खाली ठेवून म्हणाल्या, "चव गेलीय पाण्याची."

"हो," मालक म्हणाले. "उकळल्यावर जाते."

पदराने तोंड पुसत त्या उठल्या. दाराशी चपला घालताना त्यांनी मागे न बघता सांगितले, "कार्तिकात न्यायला या. एस.टी.नं नको. गाडी करा, हिसके बसतात."